गोवर-रुबेला लसीबद्दल पालकांना काय माहीत आहे, काय वाटतं, हे नीट मोजायचं कसं? (तळोदा-अक्राणी भाग)

तळोदेकर

नमस्कार मंडळी. नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोदा आणि अक्राणी तालुक्यांच्या सीमेवरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत सर्वेक्षण करायचं ठरतंय. काही गावं सपाटीवरची, बाकी सगळे डोंगरातले पाडे. अहिराणी, भिली आणि पावरी अशा तिन्ही बोलणारे लोक आहेत. एमआरचा (गोवर-रुबेला लसीचा) पहिला डोस बऱ्यापैकी होतो, दुसऱ्याला गळती लागते. राहिलेल्या मुलांच्या नावापुढे नोंदवहीत बहुतेक ठिकाणी एकच शेरा सापडतो: "पालकांचा नकार". इतके पालक खरंच नकार देत असतील असं वाटत नाही, पण पुरावा हवा.

एक तयार प्रश्नावली मिळाली आहे. ती "गोवर कशामुळे होतो" इथून सुरू होते, पंचवीस ज्ञानाचे प्रश्न विचारते आणि शेवटी गुण देऊन पालकांना "चांगले, मध्यम, कमी" अशा गटांत टाकते. ती वापरावी का? घरं किती घ्यावी लागतील? कार्ड हरवलेलं असेल तिथे काय करायचं? आणि लसीकरणाच्या सत्रावर काय चुकतं तेही यातून कळावं अशी इच्छा आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

गिरणाकाठ

तळोदेकर भाऊ, ती प्रश्नावली बाजूला ठेवा. विषाणूचं नाव माहीत असण्याचा आणि मूल सत्रावर आणण्याचा संबंध फार पातळ असतो. गुणांची बेरीज करून "कमी ज्ञान" असं लेबल लावलं की अहवालाच्या शेवटी "जनजागृती वाढवावी" एवढंच वाक्य उरतं आणि ते कोणाच्याच कामाचं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये लसीकरणामागच्या वर्तणुकीय आणि सामाजिक कारणांची प्रश्नावली दिली आहे. तिच्यात चार कप्पे आहेत: पालकांना काय वाटतं, घरचे आणि गावातले लोक काय म्हणतात, स्वतःची इच्छा आहे का, आणि प्रत्यक्ष अडचणी काय आहेत. तुमच्या भागासाठी हाच सांगाडा घ्या आणि चौथ्या कप्प्याला सगळ्यात जास्त जागा द्या.

घरांची संख्या. व्याप्ती, म्हणजे किती टक्के मुलांना डोस मिळाला, माहीत नसेल तेव्हा ती ५० टक्के धरतात. १० टक्के इकडेतिकडे चालणार असेल तर १.९६ (९५ टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा) चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५, भागिले ०.१ चा वर्ग, म्हणजे ९६ मुलं. पण तुम्ही पाडे निवडून त्यांतली मुलं घेणार, आणि एका पाड्यातली मुलं एकमेकांसारखी असतात; म्हणून दुप्पट, १९२. तीस पाडे आणि प्रत्येकी सात मुलं घेतली की २१० होतात, गरज भागते. ५ टक्क्यांच्या अचूकतेचा हट्ट धरलात तर आकडा ३८४ आणि दुपटीने ७६८ वर जातो. तेवढी माणसं आणि दिवस हाताशी नसतील तर धरू नका. मात्र सपाटी आणि डोंगर यांची तुलना करायची असेल तर दोन्हीकडे वेगवेगळे २१० घ्यावे लागतील. एकाच २१० मधून दोन भाग पाडून निष्कर्ष काढू नका.

पाडे निवडताना चिठ्ठ्या टाकू नका, त्यात छोट्या पाड्याला मोठ्या गावाइतकीच संधी मिळते. सगळ्या पाड्यांची यादी लोकसंख्येसह करा आणि पुढे बेरीज चढवत न्या. समजा एकूण २७,००० झाली. तिला ३० ने भागलं की ९०० चं अंतर आलं. १ ते ९०० मधला एक आकडा यादृच्छिक काढा, समजा ४१२. मग ४१२, १३१२, २२१२ असे आकडे ज्या पाड्यांच्या बेरजेत पडतात ते पाडे तुमचे. दोनशे वस्तीच्या पाड्यात १२ ते २३ महिन्यांची चार-पाचच मुलं सापडतात, म्हणून असे पाडे निवडीआधीच शेजारच्याशी जोडून एक धरा. निवड झाल्यावर जोडायला गेलात तर गणित बिघडतं.

वय: पहिल्या डोससाठी १२ ते २३ महिन्यांची मुलं, दुसऱ्यासाठी २४ ते ३५ महिन्यांची. दोन्ही हव्यात, म्हणजे प्रत्येक पाड्यात सात अधिक सात. जन्मतारीख सांगता येत नसेल तर सणावरून काढा. होळीच्या आधीचा भोंगऱ्या, आखाजी (अक्षय्य तृतीया), पोळा, दिवाळी, सारंगखेड्याची यात्रा. "आखाजीच्या आधी झाला की नंतर?" असं विचारत गेलं की वयाचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

आता विचारायचं कसं. "लस दिली का?" याला सगळे "हो" म्हणतात, कारण पोलिओचे थेंब पाजलेले असतात. कार्ड असेल तर तारीख उतरवून घ्या. नसेल तर आधी उपकेंद्राची नोंदवही आणि यू-विन (लसीकरणाची सरकारी ऑनलाइन नोंद) तपासा. तिथेही नसेल तरच आईच्या आठवणीवर या, आणि तेव्हा टोचलेली जागा विचारा. नवव्या महिन्याच्या सत्रात एमआर उजव्या दंडात, पोलिओची छोटी सुई डाव्या दंडात, न्यूमोकोकलची सुई उजव्या मांडीत, आणि अ जीवनसत्त्वाचं १ मिली औषध तोंडाने. दीड वर्षाच्या सत्रात एमआर पुन्हा उजव्या दंडात, त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरची) मांडीत, पोलिओचे थेंब आणि अ जीवनसत्त्व २ मिली. साधं विचारा: "तुमना पोऱ्याले नऊ महिनानी सुई दिधी का? कोठे दिधी?" आणि हात दाखवू द्या. कार्डावरचं, नोंदवहीतलं आणि आठवणीतलं, हे तीन रकाने अहवालात वेगळे ठेवा.

डोस राहिला असेल तर "का?" हा प्रश्न मोकळा सोडा. पर्याय वाचून दाखवू नका. आई किंवा बाप जे बोलेल ते त्याच शब्दांत उतरवा आणि कोड नंतर घाला: दिवस माहीत नव्हता, गावात नव्हतो, सत्र झालं नाही, सत्रावरून परत पाठवलं, मूल आजारी होतं, आधीच्या सुईने ताप आला होता, घरच्यांनी अडवलं, भीती, लस नकोच. "नकार" हा शब्द फक्त शेवटच्या कोडला द्या. परत पाठवलेल्या आणि घर बंद असलेल्या मुलांना नकार लिहिणं हाच तुमच्या नोंदवहीतला गोंधळ असावा.

आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा. माहिती घेणाऱ्याबरोबर त्याच गावची आशाताई किंवा नर्सताई आत बसू नये. तिने घर दाखवावं आणि पुढच्या घराकडे जावं. ती समोर असली की कुणीही "ताई आल्याच नाहीत" असं म्हणत नाही.

---

शीतपेटी

गिरणाकाठ यांनी पालकांची बाजू नीट मांडली. "सत्रावरून परत पाठवलं" या कोडच्या आत काय दडलेलं असतं ते लिहितो, कारण पालकांचा विश्वास तिथे तुटतो.

एमआर ही कोरडी, भुकटीच्या रूपातली जिवंत लस आहे. नियमित सत्रात पाच डोसची कुपी येते. तिच्यात त्याच कंपनीचं, त्याच कुपीसाठी आलेलं द्रावण पूर्ण घालायचं आणि प्रत्येक मुलाला ०.५ मिली उजव्या दंडात, कातडीखाली द्यायची. एकदा कालवली की चार तासांत किंवा सत्र संपताना, जे आधी येईल तेव्हा फेकायची. पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस), त्रिगुणी, न्यूमोकोकल यांची उघडलेली कुपी नियम पाळून २८ दिवसांपर्यंत वापरता येते. एमआर आणि बीसीजीला ती सवलत नाही. तिच्यात जंतू रोखणारं रसायन नसतं. एकदा सुईवाटे जंतू आत गेला तर चार तासांनंतर तो विष तयार होण्याइतका वाढू शकतो. २०१७ मध्ये दक्षिण सुदानमध्ये अशा दूषित गोवर लसीने १५ मुलं दगावली. तिथे एकच सिरिंज वापरली गेली होती आणि लस शीतपेटीशिवाय ठेवली होती.

याच नियमामुळे वाया जाण्याची भीती वाटते आणि "आज दोनच मुलं आहेत, पुढच्या महिन्यात या" असं सांगितलं जातं. कार्यक्रमाचा नियम स्पष्ट आहे: एक मूल आलं तरी कुपी फोडायची. चार डोस वाया गेले तर तो हिशेबातला अपव्यय आहे. दोन तास डोंगर उतरून आलेली बाई परत गेली की ती पुढच्या महिन्यात येत नाही आणि तिचं नाव नकाराच्या रकान्यात चढतं. प्रश्नावलीत थेट घाला: "सत्रावर जाऊनही सुई न मिळता परत आलात असं कधी झालं का? काय कारण सांगितलं?" तुमच्या अख्ख्या सर्वेक्षणात सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच ठरेल असं माझं मत आहे.

सत्र पाहताना ही तपासणी करा. पेटीत चार आइसपॅक असावेत आणि कानाशी धरून हलवल्यावर आत पाण्याचा आवाज यायला हवा. दगडासारखा गोठलेला पॅक लावला तर पेंटा, त्रिगुणी, धनुर्वात-घटसर्प आणि कावीळ-ब या लसी गोठून निकामी होतात. एमआरच्या भुकटीला गोठल्याने काही होत नाही, तिला मारते ती उष्णता आणि उजेड. द्रावण मात्र लसीइतकंच थंड हवं, आदल्या दिवसापासून २ ते ८ अंशांत ठेवलेलं. मे महिन्यात शहादा-तळोद्याच्या उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेलं गरम द्रावण थंड भुकटीवर ओतलं तर लस तिथल्या तिथे मरते, आणि कुपीवरचा रंगाचा चौकोन ते दाखवत नाही. तो चौकोन झाकणावर असतो आणि फक्त कालवण्याआधीची गोष्ट सांगतो: आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर वापरा, सारखा किंवा गडद झाला तर टाका. कालवलेली कुपी आइसपॅकच्या खळग्यात उभी ठेवायची, टेबलावर नाही. कुपीवर कालवल्याची वेळ लिहिलेली आहे का ते बघा. वेळ नसेल तर चार तास मोजणार कोण?

एप्रिल-मेमध्ये सत्र सकाळी लवकर लावा. दुपारी बारा वाजता उघड्या पडवीत कुपी काढायची नाही.

---

पाडा ते पीएचसी

तळोदेकर दादा, गटप्रवर्तकांच्या (आशाताईंवर देखरेख करणाऱ्यांच्या) कामातले काही मुद्दे.

सर्वेक्षण कधी करता यावर उत्तरं बदलतील. दिवाळीनंतर अक्राणी, अक्कलकुवा भागातली कुटुंबं ऊसतोडीला बारडोली-सुरतकडे निघतात, काही वीटभट्ट्यांवर जातात. बरीच होळीला येतात, काही पाऊस पडायच्या आत. जानेवारीत गेलात तर कुलूप लावलेल्या घरांच्या जागी शेजारचं उघडं घर घेण्याचा मोह होईल. घेऊ नका. ज्यांचा डोस राहतो ती मुलं त्याच कुलपामागची आहेत, ती वगळली की व्याप्ती फुगते. बंद घर बंद म्हणून नोंदवा, वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या वेळी दोनदा परत जा. शक्य असेल तर पोळा ते दिवाळी हा काळ धरा. त्यात कापूस वेचणी सुरू होते, म्हणून दिवसा जाऊ नका. संध्याकाळी, चूल पेटायच्या वेळेला माणसं घरी भेटतात. बाजाराचा वार टाळा.

स्थलांतराचं गणित कागदावर मांडून बघा. मार्च-एप्रिलमध्ये जन्मलेल्या मुलाचे नऊ महिने डिसेंबर-जानेवारीत भरतात, तेव्हा ते उसाच्या फडात असतं. पुढच्या वर्षी दीड वर्षाचं होतं ते ऑक्टोबरच्या आसपास, म्हणजे निघायच्या धावपळीत. काही महिन्यांत जन्मलेल्या मुलांचे दोन्ही डोस असेच हुकतात. प्रश्नावलीत जन्ममहिना आणि "मागच्या वर्षी कोणत्या महिन्यात गावाबाहेर होतात" हे दोन रकाने ठेवलेत तर ही मुलं आपोआप दिसतील.

उपाय साधे आहेत. जायच्या आधीच्या सत्रात नऊ महिने पूर्ण झालेलं एकही मूल सुटू देऊ नका. दीड वर्षाची अट १६ महिन्यांची आहे, १८ ची नाही, त्यामुळे १६ महिने भरले की दुसरा डोस देता येतो. ज्यांचे नऊ महिने अजून भरायचे आहेत त्यांची यादी करा, मुकादमाचं नाव आणि मोबाईल घ्या, आणि आईला सांगा की गुजरातेत या सत्राला ममता दिवस म्हणतात, तो बहुधा बुधवारी असतो, तिथेही लस फुकट मिळते. यू-विनवर नाव असेल तर तिथला डोस इथे दिसतो. कार्ड मात्र बरोबर नेलंच पाहिजे. पावसात भिजतं म्हणून ते पत्र्याच्या पेटीत घरीच ठेवलं जातं, सबब प्लास्टिकची पिशवी द्या.

आणखी एक. फक्त आईला विचारून थांबू नका. दूर जायचं, मजुरी बुडवायची, हे बरेचदा सासू किंवा नवरा ठरवतो. "सत्राला जायचं म्हटलं तर घरात कोणाला विचारावं लागतं?" हा प्रश्न घ्या, आणि जमेल तिथे त्या माणसाशीही दोन शब्द बोला. पावरी घरात पावरी बोलणारीच मुलाखत घेणारी हवी. दुभाष्या घरातलाच पोरगा असेल तर तो आईचं उत्तर स्वतःच देऊन टाकतो.

---

तळोदेकर

तिघांचेही मनापासून आभार. फार मोलाचं लिहिलंत. प्राथमिक चाचपणीत तीन वाक्यं पुन्हा पुन्हा ऐकू येतात, ती इथे ठेवतो. एक, "गोवर तर सगळ्यांनाच येतो, माता येते नि जाते, सुई कशाला." दोन, "एका दिवसात तीन सुया पोराला झेपत नाहीत." तीन, "सुई दिली नि आठवड्याने ताप आला, अंगावर पुरळही आलं, म्हणजे सुईनेच गोवर आला." याला शास्त्रीय आणि तरी घरात पटेल असं उत्तर काय द्यावं? आणि एक डोस झालाय ना, मग दुसरा कशाला, हेही फार विचारतात.

---

बालरोग धुळे

तळोदेकर, तिसऱ्या वाक्यापासून सुरू करतो, कारण त्यात पालकांचं निरीक्षण बरोबर आहे. एमआरमधला दुबळा केलेला विषाणू शरीरात थोडा वाढतो आणि त्याला आठवडाभर लागतो. म्हणून ताप येतो तो सातव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमाराला, शंभरात पाच ते पंधरा मुलांना. दोन ते पाच जणांना विरळ पुरळही येतं. दोन-तीन दिवसांत उतरतं. पेंटाचा ताप त्याच रात्री येतो हे आयांना पाठ झालेलं असतं, त्यामुळे आठव्या दिवसाचा ताप आला की त्या गडबडतात. सत्रावर "ताप येऊ शकतो" एवढंच सांगून भागत नाही, "पुढच्या बाजाराच्या वारानंतर एक-दोन दिवस अंग तापेल, पॅरासिटामॉल पाजा, अंगावरचं दूध चालू ठेवा" असा दिवस सांगावा लागतो. आधी सांगितलेला ताप पालक स्वीकारतात. न सांगितलेल्या तापाने दुसरा डोस जातो, आणि तुमच्याकडची गळती तिथूनच सुरू होत असेल तर मला नवल वाटणार नाही. हेही मोजता येतं: "मागच्या सुईनंतर काय होईल, कधी होईल, हे कोणी सांगितलं होतं का?"

गंभीर ॲलर्जी दहा लाख डोसमागे एखादी. ती आली तर बहुधा पहिल्या अर्ध्या तासात येते, म्हणून मुलाला तीस मिनिटं बसवून ठेवायचं आणि ॲड्रिनलिनची पेटी हाताशी ठेवायची.

तीन सुया. मूल रोज शेकडो जंतूंना तोंड देतं. तीन लसींनी त्याची ताकद संपत नाही. तीन वेगळ्या जागी, तीन वेगळ्या सिरिंजने देतात. पण पालकांना खरी काळजी असते ती रडण्याची. आईने मुलाला मांडीवर छातीशी धरून बसावं, सुई चालू असताना किंवा लगेच नंतर अंगावर पाजावं. तरीही एखादी आई तीनही नको म्हणाली तर एमआर आधी द्या आणि बाकीच्यांची तारीख लिहून द्या. सगळ्या परत नेण्यापेक्षा ते बरं.

सर्दी, साधा खोकला, हलकी हगवण, कुपोषण, यांपैकी कशानेही एमआर थांबवायची नसते. कुपोषित मुलाला तर ती आधी हवी, कारण गोवराने मरतात ती मुख्यतः तीच. आपल्याकडे "वजन भरू द्या, मग देऊ" असं सांगितलं जातं ते साफ चूक आहे.

आता "माता येते नि जाते". या बोलण्याशी भांडू नका. कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवू द्या, दिवा लावू द्या. अडवायचं ते उपाशी ठेवणं आणि दवाखान्यात न नेणं. गोवर झालेल्या मुलाला अ जीवनसत्त्वाचे दोन डोस, लागोपाठच्या दोन दिवशी: सहा महिन्यांखाली ५० हजार युनिट, सहा ते अकरा महिन्यांत १ लाख, वर्षापुढे २ लाख. याने डोळे वाचतात आणि मृत्यूही कमी होतात. ओआरएस, दूध, पातळ वरणभात चालू. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, मूल पीत नसेल, झटके येत असतील, बुबुळावर पांढरं दिसत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय. "येते नि जाते" यातलं "जाते" पूर्ण खरं नाही हेही सांगा. हजारात एकाच्या आसपास मुलांना मेंदूज्वर होतो, न्यूमोनिया आणि हगवण त्याहून कितीतरी जास्त, आणि गोवर शरीराची जुन्या आजारांविरुद्धची कमावलेली ताकदही पुसून टाकतो. पुरळ गेल्यावर पुढचे कित्येक महिने मूल सारखं आजारी पडतं, ते आजीलाही आठवत असतं. तोच धागा धरा.

आजीच्या दंडावर देवीच्या लसीचा वण असेल तर तिलाच दाखवायला सांगा. देवी सुद्धा "सगळ्यांना येणारीच" होती. भारतात तिचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला, आणि ती गेली ती टोचूनच.

दुसरा डोस कशाला? नऊ महिन्यांच्या वयात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती थोडी उरलेली असते, म्हणून पहिला डोस शंभरातल्या ८५ मुलांवरच लागू होतो. दुसरा डोस उरलेल्या १५ जणांसाठी आहे, आणि ते १५ कोण हे कोणालाच ओळखता येत नाही. दोन्ही झाले की संरक्षण ९७ टक्क्यांच्या आसपास जातं. गावपातळीवर असं मांडा: एका उपकेंद्रात वर्षाला १०० मुलं जन्मतात, ९० जणांना पहिला डोस मिळतो, दुसरा कोणालाच नाही. दरवर्षी २३-२४ मुलं उघडी राहतात, आणि चार वर्षांत जवळपास एका वर्षाच्या जन्मांइतकी जमतात. गोवराची साथ साधारण याच टप्प्यावर पेटते. त्याच ९० पैकी ८० जणांना दुसरा डोस मिळाला तर वर्षाला चौदाच्या आसपास उरतात, आणि तेवढाच साठा व्हायला सात वर्षं लागतात. गोवराचा एक रुग्ण लस नसलेल्या वस्तीत १२ ते १८ जणांना देतो, पुरळ यायच्या चार दिवस आधीपासून देतो, आणि तो खोलीतून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तास राहतो. म्हणून ९५ टक्के हवेत, ८० नाही. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीला आणि आपल्या शेजारी मालेगावात साथ आली, तेव्हा हेच झालं.

उशीर झालेल्या मुलाला "वय गेलं" म्हणून परत पाठवू नये, हे सत्रावर लिहूनच लावा. पाच वर्षांपर्यंत राहिलेले डोस देता येतात, दोघांत किमान चार आठवडे ठेवून.

---

गिरणाकाठ

बालरोग यांच्या उत्तराला एक जोड. "मूल होत नाही" ही अफवाही तुमच्या यादीत येईल. २७ नोव्हेंबर २०१८ ला महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षांची एमआर मोहीम शाळांतून सुरू झाली, तेव्हा ती व्हॉट्सॲपवरून बरीच फिरली. तिला उत्तर गावातच असतं: गोवराची लस सरकारी कार्यक्रमात १९८५ पासून आहे, तेव्हा टोचलेल्या पिढीला आज मुलंबाळं आहेत. रुबेलाचा भाग तर उलट होणाऱ्या बाळासाठी आहे. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बाळाचं हृदय, डोळे, कान यांत दोष येतात. गरोदर बाईला मात्र एमआर देत नाहीत, म्हणून ती मुलगी असतानाच घ्यायची.

ही उत्तरं कोणाच्या तोंडून जावीत हेही सर्वेक्षणातच विचारा: "मुलाच्या तब्येतीबद्दल कोणाचं ऐकता?" अनेक पाड्यांत उत्तर भगत किंवा पुजारा येईल, काही गावांत मशिदीतले मौलाना, सपाटीवर अंगणवाडी सेविका किंवा खासगी डॉक्टर. जे नाव जास्त येईल त्याच्याकडे आधी जा. पोस्टर छापायचा खर्च नंतर बघा.

---

तळोदेकर

आराखडा असा बसवतोय: पोळा ते दिवाळी, डोंगर आणि सपाटी वेगळे, प्रत्येकी तीस पाडे, दोन वयोगट. प्रश्न वीसच्या आत. मुलाखत घेणाऱ्या बाहेरच्या गावच्या, पावरी आणि अहिराणी येणाऱ्या. शिवाय दहा सत्रांवर निरीक्षण. एकच शंका उरली: राहिलेलं मूल घरात सापडलं की तिथल्या तिथे सत्राची तारीख सांगायची का? की त्याने पुढच्या घरांची उत्तरं बिघडतील?

---

गिरणाकाठ

सांगायचीच. मूल राहिलेलं आहे हे कळूनही उठून जाणं योग्य नाही, नीतिसमितीही त्याला मान्यता देणार नाही. फक्त क्रम पाळा: संमती, सगळे प्रश्न, उत्तरं बंद, आणि मग पुढच्या सत्राचा वार, जागा, वेळ एका चिठ्ठीवर लिहून हातात. त्या मुलांची यादी त्याच संध्याकाळी नर्सताईंकडे पोचवा. पाड्यातली सगळी घरं एकाच दिवसात उरकली तर उत्तरं बिघडायला वेळच मिळत नाही. आणि खऱ्या सर्वेक्षणाआधी निवडीबाहेरच्या एका पाड्यात वीस-तीस घरांवर प्रश्नावली चालवून बघा. "आखाजीच्या आधी की नंतर" या प्रश्नावर आया अडखळल्या तर भोंगऱ्या धरून विचारा, डोंगरात तो जास्त पक्का लक्षात असतो.

---

शीतपेटी

निरीक्षणाच्या दहा सत्रांपैकी निदान चार रस्ता संपतो तिथून पुढच्या पाड्यांतली घ्या, आणि पेटी किती वाजता निघाली, किती वाजता पहिली कुपी कालवली, किती वाजता शेवटची फेकली, या तीन वेळा लिहा. पेटी परत आल्यावर न उघडलेल्या कुप्यांच्या झाकणावरचा चौकोनही बघायला विसरू नका.